डबीतलं फाडलेलं पान

मी ती डबी कळवायला पाहिजे होती. कळवली नाही. एका वाक्यात एवढंच आहे. पण एका वाक्यात सांगितलं की माणूस स्वस्तात सुटतो, म्हणून सगळं लिहितो. मी सातवीपर्यंत शिकलेला. शुद्धलेखन मुलगी बघून देणार आहे. मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावलंय.

आधी डबी म्हणजे काय ते सांगतो. जगभर लोक एक खेळ खेळतात, जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो, आत छोटी वही. जागा मोबाइलच्या नकाशावर टाकतो. बाकीच्यांनी जाऊन शोधायची, वहीत सही करायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. मग मोबाइलवरही लिहायचं, सापडली म्हणून. बक्षीस वगैरे काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलेलं, हे रिकामटेकड्यांचे धंदे आहेत.

आमच्या हिला साखर होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. ही डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगखाली दोन फेऱ्या मारायची आणि तिसऱ्या फेरीला भाजीवालीशी बोलत उभी राहायची. मुलगी ठाण्याला असते. तिने आईच्या मोबाइलात हा खेळ टाकून दिला. म्हणाली, आई, आता तरी चालशील. आणि चालली की. साठी उलटलेली बाई, कल्याणच्या खाडीपासून ठाण्याच्या तळ्यांपर्यंत पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायला लागली. मी मागून पिशवी घेऊन.

वहीत सही करताना ती माझं नाव लिहायची नाही. जन्मात तोंडाने घेतलं नाही, ते कागदावर कुठून येणार. "हे आणि मी" असं लिहायची, पुढे तारीख.

"अगं, वाचणाऱ्याला कळणार कसं, हे म्हणजे कोण?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं. तुम्ही पिशवी धरा."

या खेळाला नियम आहेत. डबी जमिनीत पुरायची नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. जागा ज्याची असेल त्याला विचारल्याशिवाय ठेवायची नाही. लाइटीच्या सामानाच्या जवळपास तर नाहीच. मुलीने हे सगळं आम्हाला वाचून दाखवलेलं. नियम मोडलेली डबी दिसली तर मोबाइलवरून कळवता येतं. मग वरचा तपासनीस बघतो, आणि बहुतेक वेळा ती डबी कायमची बंद होते. नकाशावरून जाते, जागेवरून उचलली जाते.

कळवायचं की नाही, यावरून आमची भांडणं व्हायची. कल्याणला खाडीकडे एका वडाला कुणीतरी चांगला चार इंची खिळा ठोकून डबी लटकवलेली. मी म्हटलं, हे कळव. हिने मला पिशवीतून पक्कड काढायला लावली, खिळा उपटायला लावला आणि डबी सुतळीने फांदीला बांधली.

"झालं? आता कुठे मोडलाय नियम?"

"आणि मालकाला कळणार कसं, त्याने चूक केली ते?"

"कळवलं की डबी जाते. दुरुस्त केली की राहते. तुम्हाला काय, सवयच आहे कळवायची."

हा टोमणा मला बरोबर बसायचा. मी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, चौतीस वर्षं. ऐन तिशीत होतो तेव्हा माझ्या जोडीदाराने एका मशीनचा फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार घातली. मी फोरमनला सांगितलं. तार घालणं चूकच होतं, आग लागली असती. पण त्या माणसाला काढून टाकलं. त्याला दोन लहान पोरं होती. पुढे महिना-दीड महिना जेवायच्या सुट्टीत माझ्याशेजारी कुणी डबा उघडला नाही. आमच्यात असंच होतं. काम बिघडलं तर चालेल, पण माणूस वरपर्यंत न्यायचा नाही. हिला मी ते तेव्हाच सांगितलेलं. लग्नाच्या बायकोला सांगितलेली गोष्ट कधी ना कधी तोंडावर येतेच.

आता त्या डबीचं.

ठाण्यात एका तळ्याच्या कडेने चालायचा रस्ता आहे. त्याच्या टोकाला रस्त्यावरच्या दिव्यांचा लोखंडी डबा आहे, कमरेएवढा, ज्याला आपण डीपी म्हणतो. आम्ही गेलो ते दिवाळीच्या आधी. मोबाइलात खूण दिलेली, "कपाटाच्या आत". ही कपाट शोधत दोन चकरा मारून आली. मी डीपी बघितला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाराची बिजागरी तुटलेली, दार दोरीने बांधलेलं. जमिनीत जाणारी तांब्याची अर्थिंगची पट्टी चोरांनी कापून नेलेली. ती पट्टी असली की चुकून पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जातो. ती नसली की हात लावणाऱ्यातून जातो.

"लांब हो. हात लावू नको त्याला."

"सापडली वाटतं तुम्हाला!"

"अगं, त्यात करंट असेल. मरशील."

"शुभ बोला जरा."

ती वळसा घालून मागे गेली, वाकली आणि लहान मुलीसारखी ओरडली, "अहो, बाहेरच आहे! आत कशाला जायचं?" डीपीच्या पाठीला लोहचुंबकाने एक काळी डबी चिकटलेली. मी दोन पावलं टाकेपर्यंत हिने ती काढलीसुद्धा. मी भर रस्त्यात ओरडलो. चालायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. काय काय बोललो ते लिहीत नाही. मेंटेनन्सचा माणूस घाबरला की जे बोलतो ते. ही आपली कठड्यावर बसून वहीत लिहितेय, माझ्याकडे न बघता. तिने डबी परत लावायच्या आतच मी चालायला लागलो तो खोपटच्या एसटी डेपोपर्यंत मागे वळून बघितलं नाही. बायको करंटवाल्या डब्याशी आणि मी पुढे. ही अक्कल.

ती मागून आली, धापा टाकत.

"हे आत्ताच्या आत्ता कळव," मी म्हटलं. "नियम गेला खड्ड्यात. मरेल कुणीतरी."

"तुम्हीच कळवा. ओरडायला येतं ना चांगलं?"

घरी पोचेपर्यंत बोललो नाही. मला मोबाइल चालवता यायचा नाही, हे तिलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला नाही, तिनेही नाही. ती आमची शेवटची डबी. दिवाळीनंतर तिचे पाय सुजले. किडनी म्हणाले. शिमग्याच्या आधी गेली.

मुलीने आईचा मोबाइल मला दिला आणि वापरायला शिकवला. रडत रडत शिकवला, मीही तसाच शिकलो. कुठे दाबलं की नकाशा, कुठे दाबलं की कळवायचं, सगळं. तेराव्यानंतर घरातली माणसं गेली आणि मी रोज दुपारी तो मोबाइल काढून बसायला लागलो. तळ्याकाठची ती डबी उघडायचो. कळवायच्या जागेवर बोट न्यायचो. आणि मागे घ्यायचो.

कारण कळवलं की डबी जाणार. आणि डबीत ही होती.

घरात तिचं अक्षर नव्हतं असं नाही. वाणसामानाच्या याद्या होत्या, पिठाच्या डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी होती. पण मी ओरडत असताना ती त्या कठड्यावर बसून काय लिहीत होती, ते मला बघायचं होतं. माझ्याबद्दल काही वाईट लिहिलं असेल तर तेही मला वाचायचं होतं. तेव्हा मोबाइल येत असूनही पहिल्यांदा मी उशीर केला. दीड-दोन महिने.

मे महिन्यात एका सकाळी एकटा गेलो. खिशात टेस्टर. जुन्या सवयीने आधी टेस्टर लावला, मग हाताची उलटी बाजू पत्र्याला टेकवली. आमच्या धंद्यात तळहाताने कधी शिवत नाहीत. करंट बसला की हाताची मूठ वळते आणि माणूस चिकटून राहतो. उलटा हात लावला तर झटक्याने सुटतो. त्या दिवशी पत्र्यात काही नव्हतं. सगळं कोरडं ठणठणीत. डबी होती तिथेच होती, पाठीला, बाहेरून.

कठड्यावर बसलो आणि वही उघडली. तारीख सापडली. तिने लिहिलेलं:

"हे ओरडतायत. मी सही करतेय."

मी मोठ्याने हसलो. एक बाई कुत्रा फिरवत होती, ती दचकली. मग काय झालं ते सांगायची गरज नाही.

वही परत ठेवायची, हे मला माहीत होतं. ती आपली नसते. मालकाची असते आणि येणाऱ्या सगळ्यांची असते. तिचा फोटो काढता आला असता. फोटो काढायलाही मुलीने शिकवलेलं. मी पान फाडलं. वरच्या बाजूला तारेत अडकवलेली वही होती ती, टरकन आलं. मागच्या बाजूला निळ्या शाईने इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलेलं होतं, चार-पाच ओळी. मोटरच्या पाटीवरचं इंग्रजी मला येतं, सुटं सुटं छापलेलं. घसटून लिहिलेलं वाचता येत नाही. कुणाची तरी सही असेल म्हटलं. घडी घालून खिशात ठेवलं, डबी पाठीला चिकटवली आणि घरी आलो.

आता तरी कळवायचं की नाही? आता तर अडचण संपलेली. तिचं पान माझ्याकडे आलेलं, डबी गेली तर जाऊ दे. पण नाही कळवलं. कळवलं की मालक येणार, वही बघणार, पान कुठे गेलं म्हणून विचारणार. आणि मनात ते जुनंही होतं, आपण कशाला वर न्यायचं कुणाला. ही कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण असं की माझं काम झालेलं.

पान हिच्या फोटोच्या काचेमागे खोचून ठेवलं, तिची बाजू पुढे.

जुलैमध्ये एका रविवारी मुलगी आलेली. आईने शोधलेल्या सगळ्या डब्यांवर तिने लक्ष ठेवलेलं. तिथे कुणी काही लिहिलं की तिच्या मोबाइलवर येतं. चहा पिता पिता ती म्हणाली, "अरे देवा."

"काय झालं?"

"ती तळ्याकाठची डबी, आईची शेवटची. दिवा स्टेशनकडच्या एका मुलीला तिथे शॉक बसला. मागे पडली आणि उजवं मनगट मोडलंय. वर लिहिलंय काय बघा, सापडली मात्र! आणि हसरं तोंड टाकलंय. कमाल आहे या पोरींची."

"पाठीला हात लावला म्हणून बसला?"

"नाही, आतून काढताना."

"आत नाहीये ती. बाहेर आहे."

मुलीने खालचं वाचलं. जूनमध्ये एक जोडपं येऊन गेलेलं. त्यांनी लिहिलेलं की डबी बाहेर चिकटलेली होती, कुणीतरी चुकून तशी ठेवलेली दिसते, खुणेत सांगितल्याप्रमाणे आम्ही आत नीट जागेवर ठेवली आहे.

"पण मी मे महिन्यात गेलो तेव्हा बाहेर होती," मी बोलून गेलो.

"तुम्ही कधी गेलात, बाबा?"

मग सांगावं लागलं. फोटो खाली घेतला, काचेमागचं पान तिच्या हातात दिलं. आईची ओळ वाचून ती हसली आणि रडली, मी केलं तसंच. म्हणाली, "बरं केलंत आणलंत ते." मग तिने पान उलटं केलं. आणि डोळ्यांजवळ नेलं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"तुम्ही हे कुणाला दाखवलं नाहीत?"

"नाही. काय आहे?"

तिने वाचून दाखवलं. आत वायर उघडी आहे. मला शॉक बसला. डबी आत ठेवू नका, दार उघडू नका. मी ती बाहेर मागच्या बाजूला लावली आहे, सगळ्यांनी तिथेच लावा. खाली तारीख, आम्ही गेलो त्याच्या आठ दिवस आधीची.

म्हणजे ही त्या दिवशी वाचली ती या लिहिणाऱ्यामुळे. त्याने डबी बाहेर काढून लावली म्हणून हिला आत हात घालावा लागला नाही. आणि पुढच्यांना वाचवायला त्याने जे लिहिलेलं, ते मी फाडून घरी आणून, फोटोमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जूनमध्ये आलेल्या जोडप्याने वही चाळली असेल तर त्यांना काय दिसलं असेल? काही नाही. त्यांनी नियमाने जागेवर ठेवली.

"बाबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही, त्यात तुमची काय चूक?"

"डीपी तर वाचता येतो मला. तो वाचलेला ना मी दिवाळीच्या आधीच."

तिने तिथेच आईच्या मोबाइलवरून डबी कळवली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दिवाळीपासून जे माझ्याने झालं नाही, ते चहा निवायच्या आत झालं. संध्याकाळपर्यंत मालकाने जाऊन डबी काढून आणली. ज्यांचा डीपी त्यांनाही त्याने फोन केला, आणि दोन दिवसांनी त्यांचं माणूस येऊन नवीन दार लावून गेलं.

पान फाडल्याचं मुलीने कळवलं नव्हतं. म्हणाली, "कुणाला कळणार आहे? आता सुरक्षित झालंय ना सगळं."

मीही गप्प बसलो. आठ दिवस. त्या आठ दिवसांत मालकाने सगळ्यांसमोर माफी मागितली. चूक माझी एकट्याची आहे, असं लिहिलं. त्याच्या खाली लोकांनी त्याला काय काय सुनावलं. अक्कल आहे का, पोरीचा जीव गेला असता, तुझ्या सगळ्या डब्या बंद करायला पाहिजेत. मुलगी वाचून दाखवत नव्हती, मीच तिला वाचायला लावत होतो. आणि मग त्या मालकाने हिच्या खात्यावर एक निरोप पाठवला. खातं हिचं होतं ना, आम्ही सगळं हिच्या नावानेच करायचो. त्याने लिहिलेलं, काकू, वेळेवर कळवलंत, तुमचे उपकार आहेत. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा खेळ चालतो.

वेळेवर! मेलेल्या बाईला.

मी मुलीला सांगितलं, त्याला फोन लाव, मला भेटायचंय.

तो तिशीचा, सडपातळ, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. वागळे इस्टेटमध्येच कामाला, जिथे पूर्वी आमच्यासारख्यांच्या पत्र्याच्या शेडी होत्या तिथल्या काचेच्या इमारतीत. खोपटच्या डेपोबाहेर चहाच्या टपरीवर भेटलो. आधी हिच्याबद्दल सांगितलं. तो गोंधळला, हात जोडले, सॉरी काका, मला माहीत नव्हतं. मग मी पान काढून त्याच्यासमोर धरलं.

त्याने पुढची बाजू वाचली आणि हसला. मागची वाचली. परत वाचली.

"हे तुमच्याकडे कसं?"

"फाडलं मी. मे महिन्यात."

"मी वही तीनदा बघितली, काका. तारखा जुळत नव्हत्या. म्हटलं, पान भिजून गळलं असेल." त्याने चहा खाली ठेवला. "हे मी वाचलं असतं तर त्याच दिवशी काढली असती डबी. मी वर्षभर फिरकलोच नाही तिथे, ती माझी चूक. ठेवली तेव्हा त्या डीपीत करंट नव्हता. बंद पडलेला होता, नंतर चालू केला त्यांनी."

"मला ते इंग्रजी वाचता आलं नाही."

"मग ठीक आहे ना, काका. तुम्हाला काय माहीत."

तिथे थांबायचं की पुढे बोलायचं, हे माझ्या हातात होतं. थांबलो असतो तर आज हे लिहायला बसावं लागलं नसतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "चौतीस वर्षं हेच काम केलंय. आमची ही सही करत होती, तेव्हाच दिसलेलं मला, अर्थिंग कापलेलं आहे ते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग तेव्हाच सांगायचं ना, काका."

बायको रुसली होती, हे उत्तर आहे का? मोबाइल येत नव्हता, हे उत्तर आहे का? मुलीला फोन तर लावता येत होता.

मी त्याच्याकडे त्या पोरीचा पत्ता मागितला. तो म्हणाला, "जाऊ नका. मी गेलेलो. तिच्या वडिलांनी दारातूनच हाकललं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हाकललं असतं."

"मग मलाही हाकलतील."

दिव्याला चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. दारात पाण्याचे निळे पिंप ओळीने भरून ठेवलेले. वडील कामावर गेलेले. पोरीच्या आईने दार उघडलं, पलीकडे पोर प्लास्टर गळ्यात अडकवून बसलेली. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगायला सुरुवात केली. आई म्हणाली, "आत तर या, चार जिने चढून आलात," आणि आधी पाणी दिलं. तांब्या भरून. तिथे पाण्याची किती मारामार असते ते मला ठाऊक आहे.

सगळं सांगितलं. पान दाखवलं. पोरीने दोन्ही बाजू वाचल्या. हिची ओळ वाचून ती फिसकन हसली. "आजी भारीच होत्या!"

"तू आत हात घातलास कारण ते जोडपं डबी आत ठेवून गेलं. आणि ते ठेवून गेले कारण हे पान माझ्याकडे होतं."

"आजोबा, कोण वाचतं मागची पानं? मी तर सही करते आणि पळते. त्यांनीपण नसतंच वाचलं."

"वाचलं असतं तर?"

तिने खांदे उडवले. एकच उडाला, दुसरा प्लास्टरच्या झोळीत अडकलेला.

तिची आई दारापाशी उभी होती. ती हळू आवाजात, अजिबात न चिडता म्हणाली, "हिची टायपिंगची परीक्षा होती हो या महिन्यात. मराठीची. वर्षभर क्लासला जात होती. आता पुढच्या खेपेला. तोवर ज्या नोकरीसाठी शिकत होती, तिचा फॉर्म भरायची तारीख जाईल."

"आई, गप ना."

"का गप? ते विचारायला आलेत ना. मग ऐकू देत."

बरोबर होतं बाईचं. मी ऐकलं. मला काही करता येण्यासारखं आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, "हात जुळतोय, तेवढं पुरे." नमस्कार करून निघालो. जिन्यात पोरीचा आवाज ऐकू आला, "काय गं तू, म्हाताऱ्या माणसाला." आणि आईचा, "म्हातारा आहे म्हणून पाणी दिलं ना?"

घरी आल्यावर मुलीला बोलावून घेतलं. म्हटलं, त्या पोराने जिथे माफी मागितली, तिथेच माझंही लिही. लोक अजून त्याला एकट्याला बोलतायत.

"बाबा, तो स्वतः म्हणाला ना, ठीक आहे म्हणून."

"लिही."

तिने लिहून वाचून दाखवलं. माझ्या हातून चुकून एक पान फाटलं, त्यावर सूचना होती...

"चुकून काढ."

"बाबा!"

"चुकून फाटत नाही पान. काढ ते. आणि हेही लिही की डीपी धोक्याचा आहे हे मला आधीपासून माहीत होतं, तरी मी कळवलं नाही."

तिने बदललं. पाठवायच्या आधी थांबली आणि तिचे डोळे भरून आले. "हे आईच्या नावाने जाईल. खातं तिचं आहे. वर तिचं नाव, तिचा फोटो. लोकांना वाटेल, आईनेच फाडलं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर सगळं तिच्या मागून केलं. आता हेही तिच्याच नावावर टाकायला निघालेलो.

"मग माझं वेगळं खातं काढ."

"नाव काय टाकू? हे आणि मी?"

"माझं टाक. पूर्ण. आडनावासकट."

खातं काढायला वेळ लागला. फोटो मागत होतं, तो नको म्हटलं. मग आम्ही लिहिलेलं पाठवलं, पानाच्या दोन्ही बाजूंच्या फोटोंसकट. दोन-चार जणांनी खाली मला बोल लावले. एकाने लिहिलं, निदान खरं तरी सांगितलंत. ते मुलीने मोठ्याने वाचलं, बाकीचे तिने मनातच वाचले. मी मोबाइल तिच्याकडून मागून घेतला आणि तेही, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, एकेक अक्षर जुळवून वाचले.

त्या खात्यावर माझ्या नावापुढे सापडलेल्या डब्या शून्य अशा दिसतात. खाली माझं लिहिलेलं ते एकच. मुलगी म्हणाली, "आईच्या सगळ्या डब्या तुमच्याही नावावर लावून देते, बाबा. तुम्ही होतातच ना प्रत्येक वेळी सोबत."

मी नको म्हटलं.